हरित वचनांचा जमाखर्च

अलीकडे कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेतला, की नफा-तोट्याच्या पत्रकाआधी हिरव्या रंगाची काही पाने लागतात. ‘अमुक सालापर्यंत कार्बन उत्सर्जन शून्यावर आणू’, ‘जेवढे पाणी वापरू त्याहून अधिक निसर्गाला परत करू’ अशी वचने त्यांत असतात. भागधारक ती पाने उलटून लाभांशाच्या आकड्याकडे वळतो. छोटा पुरवठादार तर ती पाहतही नाही. परंतु या वचनांचा संबंध आता आपल्या पेढीशी आणि कारखान्याशी येऊ लागला आहे. ती वाचण्यासाठी व्यापारी माणसाला नवे शास्त्र शिकावे लागत नाही. उधारीचा कागद पारखताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच येथेही विचारायचे : रक्कम किती, मुदत कोणती, जामीन कोण आणि देणे अखेर कोणाच्या नावावर पडणार?

तीन खाती

‘कार्बन पाऊलखूण’ म्हणजे एखाद्या व्यवसायामुळे वातावरणात जाणाऱ्या हरितगृह वायूंची एकूण बेरीज. ती मांडण्याची जगभर प्रचलित असलेली पद्धत २००१ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी घालून दिली. तीत उत्सर्जनाची तीन खाती आहेत. पहिले खाते स्वतःच्या बॉयलरचे, जनरेटरचे आणि वाहनांचे. दुसरे विकत घेतलेल्या विजेचे व वाफेचे. तिसरे खाते सर्वांत विस्तृत : कच्चा माल तयार करणारे, तो वाहून आणणारे, तयार माल वापरणारे ग्राहक आणि शेवटी त्याची विल्हेवाट लावणारे, या सर्वांचे उत्सर्जन त्यात मांडले जाते.

म्हणून वचन वाचताना पहिला प्रश्न असा, की ते किती खात्यांना लागू आहे? पहिली दोन खाती कंपनीच्या हातातली असतात. छतावर सौर पटल बसवले, कोळशाचा बॉयलर बदलला, की तेथे घट दिसते. तिसरे खाते मात्र इतरांच्या हातात असते आणि अनेक उद्योगांत तेच सर्वांत मोठे असते. मायक्रोसॉफ्टचे उदाहरण बोलके आहे. २०३० पर्यंत आपण जितका कार्बन सोडू त्याहून अधिक काढून घेऊ, असे या कंपनीने २०२० च्या जानेवारीत जाहीर केले. २०२४ साली तिनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार पहिल्या दोन खात्यांत सुमारे ६ टक्के घट झाली होती. पण तिसऱ्या खात्यात सुमारे ३१ टक्के वाढ झाल्याने एकूण उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढले होते. नव्या डेटा सेंटरच्या इमारतींचे पोलाद, सिमेंट आणि संगणकीय साहित्य हे त्याचे मुख्य कारण. कंपनीने आकडे लपवले नाहीत, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु केवळ पहिली दोन खातीच वाचणाऱ्याला येथे प्रगतीच दिसली असती.

टक्केवारीची भाषा

दुसरा प्रश्न मोजमापाचा. घट एकूण उत्सर्जनात आहे, की प्रत्येक नगामागे? समजा, एक कापड गिरणी वर्षाला १०० लाख मीटर कापड काढते आणि १०,००० टन कार्बन डायऑक्साइड सोडते. पाच वर्षांत तिने प्रतिमीटर उत्सर्जन २५ टक्क्यांनी कमी केले, पण उत्पादन १६० लाख मीटरवर नेले. आता तिचे एकूण उत्सर्जन १२,००० टन होईल. अहवालात ‘२५ टक्के घट’ असे छापून येईल आणि ते खोटेही नसेल. हवेत मात्र २० टक्के भर पडलेली असेल. कार्यक्षमता वाढली ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती म्हणजे एकूण घट नव्हे.

तिसरा प्रश्न आधारवर्षाचा. ज्या वर्षी उत्सर्जन नेहमीपेक्षा जास्त झाले, तेच आधाराला घेतले तर पुढची प्रत्येक वर्षे सुधारल्यासारखी दिसतात. आणि चौथा प्रश्न जमा बाजूचा. स्वतःचे उत्सर्जन न घटवता इतरत्र लावलेल्या झाडांचे किंवा दुसऱ्याच्या प्रकल्पाचे कार्बन क्रेडिट विकत घेऊन शून्य गाठता येते. ही जमा किती आणि प्रत्यक्ष खर्चकपात किती, हे स्वतंत्र ओळीत दाखवलेले असेल तरच तो हिशोब विश्वासार्ह मानावा.

पाण्याचा हिशोब वेगळा

कार्बन कोणत्याही गावी बाहेर पडला तरी तो एकाच आकाशात मिसळतो. म्हणून एका ठिकाणची घट दुसऱ्या ठिकाणच्या वाढीशी वजा करता येते. पाण्याचे तसे नाही. एका खोऱ्यातील बंधारा दुसऱ्या खोऱ्यातील कोरडी विहीर भरत नाही.

केरळातील पालक्काड जिल्ह्यातल्या प्लाचिमडा गावी कोका-कोलाचा बाटलीबंद पेयांचा कारखाना २००० साली सुरू झाला. विहिरींचे पाणी खाली गेले आणि बिघडले, अशी तक्रार ग्रामस्थांनी केली. कंपनीने ती अमान्य केली. २००३ साली पेरुमाट्टी पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि २००४ च्या मार्चमध्ये उत्पादन थांबले. पुढे २००७ साली कंपनीने पेयांत व त्यांच्या उत्पादनात लागते तितके पाणी समाजाला व निसर्गाला परत करण्याचे जागतिक उद्दिष्ट जाहीर केले. २०२० ची मुदत होती, ती २०१५ सालीच साध्य झाल्याचे सांगितले. जगभरची बेरीज जुळली, असे मानले तरी दोन गोष्टी उरतात. पेयातील साखरेसाठी उसाच्या शेताला लागलेले पाणी त्या बेरजेत नव्हते. आणि जगाची बेरीज जुळल्याने कोणत्याही एका गावच्या विहिरीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. म्हणून ‘पाणी परत केले’ असे वाचले, की ‘कोणत्या खोऱ्यात?’ असे विचारावे.

‘जल पाऊलखूण’ ही कल्पना डच अभ्यासक आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ साली मांडली. वस्तूच्या मागे दडलेले पाणी त्यामुळे दिसू लागले. जीन्स बनवणाऱ्या लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली आपल्या एका पँटचा जन्मापासून शेवटपर्यंतचा हिशोब प्रसिद्ध केला. एका पँटमागे ३,७८१ लिटर पाणी लागते, असे त्यात आढळले. त्यांपैकी ६८ टक्के कापसाच्या शेतात आणि २३ टक्के ग्राहकाच्या घरी धुण्यात जाते. म्हणजे शंभरातले एक्याण्णव भाग शेत आणि घर या दोन ठिकाणी. कारखान्यात पाण्याची बचत व्हायलाच हवी, पण केवळ तेवढ्यावर दिलेली जाहिरात उरलेल्या नऊ भागांपुरतीच असते.

पाणी वाचवताना कार्बन वाढू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. तामिळनाडूतील तिरुपूर येथे २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून अधिक रंगाई व धुलाई कारखाने बंद झाले. नोय्यल नदीत सांडपाण्याचा एक थेंबही न सोडण्याची अट त्यांना पाळता आली नव्हती. त्यानंतर सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांमुळे तेथे बहुतांश पाणी पुन्हा वापरात येऊ लागले. मात्र क्षारयुक्त पाणी दाबाने गाळायला वीज लागते आणि शेवटचा अंश आटवायला वाफ. नदीसाठी ते आवश्यकच होते. पण त्याचा बोजा कार्बनच्या खात्यावर आणि प्रक्रियेच्या दरावर पडतो. एकच पान दाखवून दुसरे झाकता येऊ नये, म्हणून दोन्ही खाती शेजारी ठेवून वाचावी.

त्यांचे तिसरे खाते, आपले पहिले

आता आपल्या पेढीकडे येऊ. सेबीने २०२१ साली ‘बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट’ हा नमुना आणला आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक केला. २०२३ साली त्यातील निवडक बाबींची त्रयस्थाकडून पडताळणी करण्याची टप्प्याटप्प्याची योजना आली. उत्सर्जन आणि पाणी त्यांत आहेत. पुरवठादारांची माहिती देणे २०२५ साली सेबीने ऐच्छिक ठरवले, तरी मोठे खरेदीदार ती मागू लागले आहेत. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी मालावर कार्बनची सीमाशुल्कासारखी आकारणी १ जानेवारी २०२६ पासून लागू केली असून, त्या मालाच्या निर्यातदाराकडे उत्सर्जनाचा आकडा मागितला जातोच.

यातले मर्म असे, की मोठ्या कंपनीचे तिसरे खाते म्हणजे तिला माल पुरवणाऱ्या आपल्यासारख्यांचे पहिले आणि दुसरे खाते. ती कंपनी जेव्हा तिसरे खाते निम्म्यावर आणण्याचे वचन देते, तेव्हा ते वचन ती आपल्या वतीने देत असते. शाबासकी तिच्या अहवालात छापली जाईल; नवा बॉयलर, पाण्याचे मीटर आणि तपासणीचे शुल्क मात्र आपल्या खर्चात पडेल. म्हणून अशा अटींचे पत्र आले, की घाबरून सही करू नये आणि रागाने फेकूनही देऊ नये. नव्या यंत्राचे कर्ज फिटेपर्यंत खरेदीची लेखी हमी आहे का, दरात त्या खर्चाचा वाटा धरला आहे का आणि बिलाचे पैसे वेळेवर मिळणार का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ज्या वचनाबरोबर पैसा येत नाही, त्यातली कपात बहुधा कागदावरच होते.

मात्र बोलणी करायला हातात स्वतःचा आकडा हवा आणि तो काढणे अवघड नाही. भारतातील विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो आणि एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. महिन्याला १,००० युनिट वीज आणि २०० लिटर डिझेल वापरणाऱ्या छोट्या कारखान्याचे उत्सर्जन ७०० अधिक ५४०, म्हणजे १,२४० किलो होते. वर्षाला सुमारे १५ टन. पाण्यासाठी नळाचे बिल, बोअरवेलवर मीटर आणि टँकरच्या पावत्या एवढे पुरे. रोजमेळाच्या शेजारी ही एक वही ठेवली, तर वर्षअखेर उत्सर्जनाबरोबरच गळती कोठे आहे हेही कळेल आणि विजेच्या व डिझेलच्या बिलातील बचत आपल्याच खिशात राहील. ज्यांनी आजवर पै-पैचा हिशोब राखला, त्यांच्या मुला-सुनांना युनिट आणि लिटर यांचा हिशोब जड जाऊ नये. येत्या पाडव्याला नव्या वह्या उघडताना त्या दोन रकान्यांची सुरुवात अवश्य करावी.