दप्तरातून शिवारात

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले आणि पुढे नव्याने उभे राहिलेले, लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव ज्या धाराशिव जिल्ह्यात मोडते, त्या अवर्षणप्रवण मुलखातील पीक, पाऊस आणि पाणी यांची सरकारी मोजदाद आता तलाठ्याच्या दप्तरातून हळूहळू संगणकाकडे सरकली आहे.

पीक : १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’त खातेदार स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर आपला गट क्रमांक निवडतो, सोयाबीन की तूर, किती क्षेत्र, हे भरतो आणि उभ्या पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह टिपतो, हीच नोंद पुढे गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या उत्तरार्धात, उतरते.

पाऊस : ‘महावेध’ प्रकल्पाची महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे पर्जन्य, तापमान, आर्द्रता व वाऱ्याचा वेग दर १० मिनिटांनी नोंदवितात.

पाणी : जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ मध्ये आरंभ झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या १५ जिल्ह्यांत धाराशिवचा अंतर्भाव होता, त्यात आयआयटी मुंबईच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या प्रणालीवर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जाई, आणि अर्ज ऑनलाइन स्वीकारून अनुदान थेट बँक खात्यात जमा होई.

मात्र यंत्रणा कितीही कुशल असली, तरी मुदतीत पाहणी न नोंदविणाऱ्या खातेदाराच्या सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहण्याची धास्ती असते, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.