विश्लेषण : येशू गव्हाणीत जन्मला, याला ख्रिस्ती श्रद्धेत इतके महत्त्व का?

नाताळ जवळ आला की वसईच्या गावांत, मुंबईत आणि गोव्यात घरोघरी गवताचे गोठे उभे राहतात. मधोमध बाळ येशू, शेजारी मरीया आणि योसेफ, भोवती मेंढपाळ, तीन राजे, बैल आणि गाढव. हे दृश्य सर्वांच्या ओळखीचे आहे, पण त्यातले सगळेच बायबलमधले नाही. जन्मकथेत बैल आणि गाढवाचा उल्लेखच नाही. पूर्वेकडून आलेले पाहुणे राजे नव्हते, तर ताऱ्यांचा वेध घेणारे ज्ञानी होते. ते तीन होते, असेही कुठे लिहिलेले नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसेही तीन झाली. २५ डिसेंबर ही तारीखही बायबल देत नाही.

मग श्रद्धावंतांसाठी या कथेचा गाभा कोणता?

कथा एक नाही, दोन

चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तय आणि लूक येशूच्या जन्माची हकिकत सांगतात. मार्क थेट त्याच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो, तर योहान सृष्टीच्याही आधीपासून.

लूकच्या कथेत रोमन सम्राट ऑगस्टस नावनोंदणीचा हुकूम काढतो. गरोदर मरीया आणि योसेफ नासरेथहून बेथलेहेमला येतात, बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते आणि पहिली बातमी पोहोचते ती रात्री रानात कळप राखणाऱ्यांना. मत्तयची कथा जास्त काळोखी आहे. तिथे हेरोद राजा आपले सिंहासन जाईल या भीतीने बेथलेहेममधल्या दोन वर्षांपर्यंतच्या मुलग्यांना मारायला लावतो आणि हे कुटुंब रातोरात इजिप्तला पळते. नाताळच्या शुभेच्छापत्रांवर हा भाग सहसा नसतो. चर्चच्या दिनदर्शिकेत मात्र २८ डिसेंबर हा त्या निष्पाप बालकांच्या स्मरणाचा दिवस आहे.

मत्तय सुरुवातीला वंशावळ देतो, तीही वाचण्यासारखी आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेआधी चार स्त्रिया येतात : तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी. त्यांत परक्या कुळातल्या आहेत, बदनाम ठरलेल्याही आहेत. लग्नाआधी दिवस गेलेल्या मरीयेचे नाव त्यांच्यानंतर येते, हा योगायोग नसावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

गव्हाणीच का?

लूक गव्हाणीचा उल्लेख एकदा नाही, तीनदा करतो. देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो तीही हीच : कापडात गुंडाळलेले, गव्हाणीत निजलेले बाळ.

‘धर्मशाळेत जागा नव्हती’ हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. पण लूकने तिथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी तो तोच शब्द वापरतो. भाड्याने उतरण्याच्या जागेसाठी त्याच्याकडे दुसरा शब्द आहे. त्या भागातल्या साध्या घरांत माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहत. म्हणजे बाळाचा जन्म निर्मनुष्य गोठ्यात नव्हे, तर गर्दीने भरलेल्या एखाद्या गरीब घरात झाला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात.

श्रद्धावंतांच्या दृष्टीने दोन्ही अर्थांनी मुद्दा तोच राहतो. देव आला तो राजवाड्यात नाही, जनावरांच्या चाऱ्याच्या जागी आला. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. त्यामुळे गव्हाणीतल्या बाळात पुढे मिस्सामध्ये मोडल्या जाणाऱ्या भाकरीची खूण जुन्या धर्मगुरूंनी पाहिली. पौर्वात्य चर्चच्या चित्रांत तर गव्हाणी अनेकदा शवपेटीसारखी आणि बाळाचे कापड कफनासारखे रंगवतात. सोने, ऊद आणि गंधरस या भेटींतला गंधरस पुढे येशूच्या दफनाच्या वेळीही येतो. थोडक्यात, नाताळ आणि क्रूस या वेगळ्या कथा नाहीत.

हा ‘अवतार’ आहे का?

मराठी वाचकाला हा शब्द पटकन सुचतो. पण ख्रिस्ती शिकवणीत हे ‘देहधारण’ आहे : एकदाच घडलेले, पुन्हा न होणारे. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे सूत्र इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन धर्मपरिषदेत पक्के झाले. म्हणून त्याचे रडणे, भूक लागणे, आईवर अवलंबून असणे हे नाटक नव्हे, खरे मानले जाते. ही कथा मराठी ओवीत आणली ती फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले.

इतिहासाचे काय?

हेरोद इसवी सनपूर्व ४ मध्ये मरण पावला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा. सनगणना करणाऱ्यांचे गणित चुकले. लूक सांगतो ती क्विरिनियसच्या काळातली नावनोंदणी मात्र इ. स. ६ च्या सुमाराची. हा मेळ अजून बसलेला नाही.

आजचे बेथलेहेम

पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकमधल्या या गावात जन्मस्थानाचे चर्च आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, चौथ्या शतकात ते प्रथम उभे राहिले आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याचे दार इतके बुटके आहे, की आत जाताना मोठ्या माणसाला वाकावेच लागते.

२०२३ मध्ये गाझातील युद्धामुळे इथली रोषणाई आणि जल्लोष रद्द झाला. गावातल्या लुथरन चर्चमध्ये गोठ्याऐवजी दगड-विटांचा ढिगारा रचून त्यात बाळाची मूर्ती ठेवली होती. प्रार्थना मात्र झाल्या. बेथलेहेममध्ये त्या दर हिवाळ्यात तीनदा होतात : कॅथलिकांच्या २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्सांच्या ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांच्या १९ जानेवारीला.