द्राक्षबागेतली व्यसनमुक्ती

इटलीत हेरॉइनने तरुण पिढी पोखरायला घेतली होती, त्या काळात, 1978 मध्ये, विन्चेन्झो मुच्चोली यांनी रिमिनीजवळच्या कोरिआनोच्या टेकड्यांवर सान पात्रिन्यानो ही व्यसनमुक्तीची वसाहत सुरू केली. इथे राहणाऱ्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून पैसे घेत नाहीत. मुक्काम साधारण तीन-चार वर्षांचा. गुरं, चीज, विणकाम अशी अनेक कामं तिथे चालतात. मला त्यातल्या द्राक्षबागेनं खिळवून ठेवलं.

व्यसन सोडायला आलेल्यांनी सांजोवेझे द्राक्षं पिकवायची आणि त्यांची वाइनही तिथेच व्हायची, हे ऐकताना खटकतं. पण बागेचं काम समजून घेतलं की तिचं मोल कळतं. तिथे हिवाळ्यात पानं गळाली की छाटणी. कोणती काडी राखायची, तिच्यावर किती डोळे ठेवायचे, हे प्रत्येक वेलीपाशी थांबून ठरवावं लागतं. छाटणी चुकली तर ते पुढच्या हंगामात घडांवर दिसतं. नव्या वेलीला नीट माल धरायला तीनेक वर्षं जातात. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे नव्यानं सांगायला नको. नशेनं ज्याला लगेच मिळणाऱ्या सुखाची चटक लावली, त्याला बाग उशिराच्या फळासाठी राबायला शिकवते. शिवाय वेळेवर उठणं, चारचौघांत काम करणं आणि दमून शांत झोपणं अंगवळणी पडतं.

पण अडचणीही आहेत. पहिली बळजबरीची: याच वसाहतीत पळून जाऊ पाहणाऱ्यांना साखळ्यांनी बांधलं गेलं. त्यावरून झालेल्या खटल्यात मुच्चोलींना शिक्षा झाली; अपिलात ते सुटले. 1989 मध्ये तिथल्याच एका रहिवाशाचा मारहाणीत जीव गेला. ते प्रकरण दडपायला मदत केल्याबद्दल 1994 मध्ये मुच्चोली दोषी ठरले.

दुसरी अडचण औषधांची. हेरॉइनची तलफ आवरणाऱ्या मेथाडोनसारख्या औषधांपासून वसाहत दूर राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र 2005 मध्ये मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. बराच काळ हेरॉइनपासून दूर राहिलेल्याचं शरीर जुनी मात्रा झेलू शकत नाही. बाहेर पडल्यावर त्यानं पूर्वीइतकीच घेतली, तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर आणि सतत विचारपूस करणारं माणूस हवं.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाधीनताही येते आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात स्पष्ट मनाई आहे. म्हणून शेतातल्या एखाद्या केंद्रात आपलं माणूस ठेवण्याआधी घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: डॉक्टर आहे का, घरी बोलू देतात का, आणि घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करणार? यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर झाडं कितीही हिरवी असोत, आपलं माणूस तिथे ठेवू नका.