शांततेने अडवलेला संगणक

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सकाळी दहाच्या सुमारास वही घेऊन उभे राहावे आणि जालना रोडवरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची वेळ टिपावी. एका रिक्षामागून दुसरी नेमकी किती क्षणांनी येईल, हे तिथे जन्म काढलेल्या रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. वहीत उतरते ती अंदाज न लागणाऱ्या आकड्यांची रास. पहाटे तीनला मात्र चौक ओस पडतो आणि वही कोरी राहते. सप्टेंबर 2019 मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या जगाला छळणारे कोडे याच कोऱ्या वहीचे होते.

लिनक्सची 5.3 ही आवृत्ती प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर होती. अहमद दरविश या प्रोग्रामरने तिचा चाचणी-अवतार आपल्या लॅपटॉपवर चढवला. संगणक सुरू झाला, थोडा पुढे सरकला आणि जागच्या जागी थिजला. पडद्यावर ना बिघाडाचा संदेश, ना लॉगिनची चौकट. तक्रार करणारे यंत्र परवडते. मौनव्रत घेतलेल्या यंत्राला विचारायचे तरी काय?

मागच्या आवृत्तीपासून या आवृत्तीपर्यंत चौदा हजारांहून अधिक बदल झाले होते. त्यांतला गुन्हेगार हुडकायची वाट एकच, आणि ती कंटाळवाणी: मधली आवृत्ती बांधायची, चढवायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. अडला, तर दोष त्यानंतरच्या बदलांत नाही. चालला, तर आधीचे सगळे निर्दोष. दर फेरीला संशयितांची संख्या निम्मी होते. पण एका फेरीचा निकाल चुकला, की पुढची सगळी वणवण फुकट.

दरविश चिकाटीने अर्ध्यावर अर्धे करत गेला. अखेर हाती एकच बदल उरला, आणि तो पाहून चक्रावून जावे असाच होता. डिस्कवरून वाचन करताना सुटणाऱ्या पुष्कळ बारीक मागण्या तो एकत्र बांधत असे. काम जलद करणारा, निर्दोष बदल! त्याने संगणक अडावा कसा?

इथे चौक आठवावा. गुप्त किल्ल्या बनवायला संगणकाला अंदाज न लागणारे आकडे लागतात. ते तो यंत्रातल्या वर्दळीतून वेचतो: डिस्कने उत्तर कधी दिले, बटण कधी दाबले गेले. नव्या बदलाने डिस्कच्या खेपा घटवल्या आणि रस्ताच शांत केला. तेवढ्यात सुरुवातीच्याच एका प्रोग्रामने अशा आकड्यांची मागणी केली. हे आकडे पुरवणारी, 2014 पासून लिनक्समध्ये असलेली सोय पुरेसा साठा जमेपर्यंत उत्तरच देत नाही. प्रोग्राम थांबला म्हणून वर्दळ थांबली, आणि वर्दळ नाही म्हणून साठा भरेना. दोष एकाचाही नव्हता. सुधारणेने यंत्र इतके शिस्तीचे झाले, की त्याची उपासमार झाली!

आता वाद पेटला. आकडे मागणारा प्रोग्राम चुकला, की वाट पाहायला लावणारी सोय? लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला तो वापरणाऱ्याच्या बाजूने: काल चालणारा संगणक आज अडता कामा नये. 15 सप्टेंबरला 5.3 प्रसिद्ध करताना त्यांनी तो चांगला बदल मागे घेतला, आणि हे दुःखद असल्याचे नोंदवूनच घेतला. माझ्या मते या कथेतला सर्वांत धीराचा क्षण हाच. बरोबर असलेली गोष्ट खोडायला मोठे मन लागते.

पुढच्या काही दिवसांत टोरवाल्ड्स यांनीच तोड काढली. साठा रिता असेल, तर संगणकाने हातावर हात ठेवून बसू नये. प्रोसेसरच्या स्वतःच्या वेळेतले सूक्ष्म हेलकावे मोजावेत आणि अनिश्चितता आपणच निर्माण करावी. नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या 5.4 मध्ये ही युक्ती होती, आणि खोडलेला बदलही सन्मानाने परतला होता.

त्याआधीच्या लिनक्सचा एखादा संगणक असा मुका बसला, तर डिस्क पुसण्याआधी कळफलकावरची दहावीस बटणे दाबून पाहा.