हा शब्दकोश कोणासाठी लिहिला?

दुकानात जपानी-इंग्रजी शब्दकोश म्हणून जे मिळतात, त्यांतले बहुतेक जपानी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलेच नसतात. ते असतात जपानी माणसासाठी, ज्याला मनातलं वाक्य इंग्रजीत उतरवायचं आहे त्याच्यासाठी. ही गोष्ट आधी कळली, तर आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे पैसे वाचतील आणि उमेदही टिकेल. महागडा कोश घेऊनही वाक्य उलगडलं नाही की विद्यार्थी स्वतःलाच बोल लावतो. वास्तविक तो कोश त्याच्या हातात यायचाच नव्हता.

या प्रकारातला सगळ्यात मोठा कोश केन्क्यूशा या प्रकाशनाचा. १९१८ मध्ये ताकेनोबू योशितारो यांच्या संपादनाखाली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि २००३ मध्ये पाचवी. शब्द, सामासिक शब्द आणि उदाहरणं मिळून या पाचव्या आवृत्तीत सुमारे ४ लाख ८० हजार नोंदी आहेत. गर्द हिरव्या कव्हरमुळे इंग्रजी भाषकांमध्ये तो ‘ग्रीन गॉडेस’ म्हणून ओळखला जातो. अनुवादकांच्या टेबलावर त्याची जागा पक्की आहे आणि ती योग्यच आहे. पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो उघडला, तर उदाहरणवाक्यांतल्या कांजींवर (चिनीतून आलेल्या चिन्हांवर) उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, म्हणजे फुरिगाना, त्याला दिसणार नाहीत. शब्दाचा अर्थ समजावूनही सांगितलेला नसेल, समोर नुसते इंग्रजी पर्याय असतील. जपानी वाचकाला त्याच्याच भाषेतला शब्द कशाला समजावायचा? त्याला इंग्रजी हवं असतं, ते भरपूर दिलेलं असतं.

याने नेमकं काय बिघडतं, ते एका जोडीवरून दाखवतो. ‘सामुई’ आणि ‘त्सुमेताई’ हे दोन्ही शब्द काढून पाहा. दोन्हींपुढे पहिला पर्याय येतो ‘कोल्ड’. जपानी माणसाच्या मनात मात्र या दोन शब्दांची कधी गल्लत होत नाही. हवेचा गारठा किंवा अंगाला वाजणारी थंडी म्हणजे सामुई. हाताला लागणारा गारवा म्हणजे त्सुमेताई: माठातलं पाणी, लोखंडी गज, आणि कोरडेपणाने वागणारा माणूससुद्धा. केवळ ‘कोल्ड’वर विसंबलेला विद्यार्थी ‘सामुई पाणी’ लिहून मोकळा होतो. शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश हा फरक नोंदीतच सांगतो. म्हणून दुकानात कोश चाळताना पानांची संख्या बघू नका, ही जोडी काढा. मग ‘शिरु’ आणि ‘वाकारु’ काढा. इंग्रजीत दोन्हींची सरमिसळ होते, जपानीत माहिती असणं वेगळं आणि उमगणं वेगळं. शेवटी ‘किरु’, ‘हाकु’ आणि ‘काबुरु’. शर्ट घालायचा तर किरु, पँट आणि बूट घालायचे तर हाकु, टोपी घालायची तर काबुरु. तिन्हींपुढे नुसतंच ‘वेअर’ असेल, तर कोश कितीही जाडजूड असो, तो आत्ता तुमच्या कामाचा नाही.

सुरुवातीला कोश असे जपानी माणसासाठी नव्हते. परक्यांना जपानी कळावं म्हणूनच हे काम सुरू झालं. १६०३ मध्ये नागासाकीला जेझुइट पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यात सुमारे ३२ हजार शब्द आहेत, आणि क्यूशूकडचा शब्द कोणता, बायकांच्या बोलीतला कोणता, अशा खुणाही आहेत. चारशे वर्षांपूर्वीची जपानी कानाला कशी लागत असेल, हे कळायला आजचे अभ्यासकही त्याच्याकडे वळतात. जेझुइटांचा छापखाना जपानला पोचला तो आपल्या गोव्यावरून. युरोपला गेलेले चार जपानी तरुण परतीच्या वाटेवर गोव्यात थांबले होते. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यो याचं लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. १५९० मध्ये ही मंडळी छपाईयंत्रासह जपानला पोचली.

पुढे १८५९ मध्ये जेम्स कर्टिस हेपबर्न हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर कानागावाला आले. त्यांनी जपानी-इंग्रजी कोश रचला. तो छापण्याची सोय तेव्हा जपानमध्ये नव्हती म्हणून त्यांनी शांघाय गाठलं आणि १८६७ मध्ये कोश बाहेर पडला. १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी जी रोमन लेखनपद्धत वापरली, ती आजही ‘हेपबर्न’ म्हणूनच चालते. जपानमधल्या स्टेशनांच्या पाट्यांवर तीच दिसते. त्यानंतर जपानी माणसालाच इंग्रजीची गरज पडू लागली आणि कोशांचं तोंड फिरलं. शिकणाऱ्या परक्या माणसाकडे ते पुन्हा वळायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं.

शब्दांचा क्रम हा निवडीचा दुसरा मुद्दा. इथे मराठी विद्यार्थ्याच्या हातात एक ठेवा आहे आणि त्याला तो बऱ्याचदा कोणी सांगत नाही. केन्क्यूशाची १९७४ ची चौथी आवृत्ती रोमन लिपीच्या ए-बी-सी क्रमाने लावलेली होती, पाचवीत तो क्रम जाऊन ‘काना’ या जपानी अक्षरमालेचा क्रम आला. जुनी प्रत स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कानाचा क्रम इंग्रज-अमेरिकन विद्यार्थ्यांना पाठ करावा लागतो. आपल्याला तो येतच असतो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून ही वर्णमाला जपानमध्ये रुजली. क-वर्गाची जागा ‘का’ने घेतली, च-वर्गाची ‘सा’ने, त-वर्गाची ‘ता’ने. ट-वर्ग जपानीत नाहीच. ‘ना’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये ‘हा’ कसा, असा प्रश्न मराठी माणसालाच पडू शकतो, कारण तिथे प-वर्ग असायला हवा हे त्याला शाळेपासून ठाऊक असतं. उत्तर असं की जपानीतला ‘ह’ फार पूर्वी ‘प’ होता, मग ओठांतून फुंकरीसारखा निघणारा ‘फ’ झाला आणि नंतर ‘ह’. नागासाकीच्या त्या १६०३ च्या कोशात फुलाला ‘हाना’ नाही, ‘फाना’ लिहिलं आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मराठी विद्यार्थ्याने रोमन क्रमाचा कोश घेऊच नये. रोमन अक्षरांमुळे आणखीही एक नुकसान होतं. ऱ्हस्व-दीर्घ दाखवणारी आडवी रेघ लोक सर्रास गाळतात आणि ‘ओबासान’ (मावशी, काकू) व ‘ओबाआसान’ (आजी) एकाच रूपात दिसू लागतात. काना अक्षरांत लिहिलं की ही चूक लपत नाही. फक्त दोन गोष्टी सवयीच्या व्हाव्या लागतात. क आणि ग, त आणि द एकाच घरात राहतात, त्यामुळे शाळेचा ‘गाक्को’ शोधायचा तो ‘का’च्या पानांत. दुसरी क्रियापदांची. वाक्यात ‘ताबेरारेनाकात्ता’ म्हणजे ‘खाता आलं नाही’ असं येईल, पण कोशात फक्त ‘ताबेरु’ असतं. हे मूळ रूप ओळखता येईपर्यंत छापील कोश हातात असून नसल्यासारखाच. शिक्षक त्याला ‘जिशोकेई’, कोशातलं रूप म्हणतात, ते यासाठीच.

नवशिक्यासाठी छापील कोश हवाच असेल, तर कोदान्शाचा फुरिगाना जपानी-इंग्रजी कोश पाहावा. १९९५ चा आहे, त्यामुळे आजचे बरेच शब्द त्यात नाहीत. पण कानाचा क्रम, प्रत्येक कांजीवर उच्चार आणि बेताची शब्दसंख्या, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात.

आता कांजी. शब्दाचा उच्चारच माहीत नसेल तर तो कोशात शोधायचा कुठे? दैनंदिन वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत आणि कित्येकींचे उच्चार तीन-तीन, चार-चार. जुना मार्ग म्हणजे कांजीतला मुख्य घटक, ‘बुशू’, ओळखायचा. पारंपरिक बुशू २१४. मुख्य घटक कोणता हे मात्र नेहमी उघड नसतं. अँड्र्यू नेल्सन यांच्या १९६२ च्या कांजीकोशाने तो ठरवण्याचे नियम क्रमवार लावून दिले आणि इंग्रजी जाणणाऱ्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या. माझा कल मात्र जॅक हॅल्पर्न यांच्या पद्धतीकडे आहे. त्यांचा मोठा कोश १९९० चा आणि विद्यार्थ्यांसाठीचा आटोपशीर कोश १९९९ चा. त्यांची पद्धत अर्ध्या तासात कळते. कांजी डावी-उजवी तुटते, वर-खाली तुटते, बाहेरच्या चौकटीने वेढलेली असते, की एकसंध असते, एवढंच पाहायचं. ‘उजेड’ या अर्थाच्या कांजीत डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. डावी-उजवी म्हणून १, सूर्याच्या रेघा ४, चंद्राच्या ४. झालं, १-४-४ या क्रमांकावर ती सापडते. रेघा मोजताना हात कसा फिरतो हे कळावं लागतं, त्यामुळे लिहिण्याचा सरावही आपोआप होतो.

मोबाइलवर बोटाने कांजी काढली किंवा फोटो घेतला तरी ती सापडते, मग हे कशाला, असं विद्यार्थी विचारतात. रस्त्यावरच्या पाटीसाठी फोन उत्तमच. पण मोजून-तोडून शोधलेल्या कांजीचे भाग डोळ्यांत राहतात आणि पुढच्या अनोळखी कांजीत तेच भाग ओळखीचे निघतात. निदान पहिल्या पाचशे अशा शोधाव्यात.

आज बहुतेकांचा पहिला कोश फोनवरच असतो आणि त्यामागे एका माणसाची चिकाटी आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातले जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये ‘ईडिक्ट’ नावाची शब्दांची फाइल सुरू केली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. जगभरातल्या स्वयंसेवकांनी भर घालत तिचा ‘जेएमडिक्ट’ हा दोन लाखांच्या घरातला कोश झाला. ‘जिशो’ ही लोकप्रिय साइट, ‘ताकोबोतो’सारखी ॲप्स आणि कितीतरी लहान-मोठी साधनं याच माहितीवर चालतात. त्यामुळे तीन ॲप्समध्ये एकच अर्थ सापडला म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं धरू नये, तिघांचा स्रोत एकच असतो. हा कोश शिकणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, बदललेली रूपं टाकली तरी मूळ शब्द दाखवणारी साधनं त्याच्यावर उभी राहिली आणि पैशांची अडचण असलेल्या मुलांना त्याने दार उघडून दिलं. त्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. इंग्रजी पर्याय ओळीने येतात, पण कोणता कुठे चालतो हे क्वचितच कळतं. रोजचा शब्द आणि पुस्तकी शब्द शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे नेहमीच्या वापरातला शब्द म्हणून लावलेली खूण पाहूनच शब्द उचलावा. उदाहरणवाक्यांचा बराच भाग प्राध्यापक तानाका यांच्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या संग्रहातून आला. त्यात दुरुस्त्या होत आल्या आहेत, तरी त्यातलं वाक्य निबंधात जसंच्या तसं घालू नये. शब्दांपुढे दिसणारी ‘एन-फाइव’, ‘एन-थ्री’ ही जपानी प्रावीण्य परीक्षेच्या पातळ्यांची लेबलंही अधिकृत नाहीत. २०१० पासून परीक्षेची शब्दयादी प्रसिद्धच होत नाही.

व्याकरणाच्या अडचणीसाठी शब्दकोश उघडणं हा हमखास वेळेचा अपव्यय. त्यासाठी माकिनो आणि त्सुत्सुई यांचा जपानी व्याकरणकोश आहे. पहिला भाग १९८६ चा, मग १९९५ आणि २००८ चे पुढचे दोन. यात इंग्रजी वाचकाला ‘ताबेते मिरु’ हा प्रयोग स्पष्टीकरणासह शिकावा लागतो. ‘मिरु’ म्हणजे पाहणे, आणि मराठी वाचकाला ‘खाऊन बघणे’ म्हटलं की काम झालं. ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’, आणि ‘ओकु’चा अर्थही ठेवणेच. ‘ताबेते शिमाऊ’ हे ‘खाऊन टाकणे’च्या जवळ जातं, फक्त त्यात कधी कधी चुटपुटही मिसळलेली असते. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने हे मराठी लिहीत जावं. इंग्रजीच्या वळणावरून न जाता थेट पोचता येतं, तिथे थेट जावं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी इंग्रजीचा आधार हळूहळू सोडायचा. ‘कोजिएन’ हा इवानामी प्रकाशनाचा मान्यवर जपानी-जपानी कोश. त्याची सातवी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. पण तो शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आधी देतो. आजचा अर्थ आधी हवा असेल तर ‘दाइजिसेन’ घ्यावा. या दोन्हींच्या आधी जपानी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे कोश वापरून पाहावेत, त्यांत सगळीकडे फुरिगाना असते आणि वाक्यं छोटी असतात. व्याख्येतले चारपैकी तीन शब्द कळू लागले की समजावं, वेळ झाली आहे.

उच्चारासाठी मात्र यांतला कुठलाही एक कोश पुरत नाही. ‘हाशि’ म्हणजे चॉपस्टिक, पूल आणि कड. टोकियोच्या बोलीत तिन्हींचे सूर वेगळे आहेत. चॉपस्टिकमध्ये पहिला ‘हा’ उंच, पुलात दुसरा ‘शि’ उंच आणि पुढचा प्रत्यय खाली येतो, कडेत तो खाली येत नाही. जेएमडिक्टमध्ये ही माहिती नाही. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचा सूर दाखवणारा उच्चारकोश २०१६ मध्ये नव्याने निघाला आहे. जपानमध्ये नोकरीला निघालेल्यांनी पहिल्या पगारातून तो घ्यावा, आणि तोवर शिक्षकांचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकावं.