रेल्वेनगरीचा मध्यवर्ती भाग आणि रहिवाशांच्या आठवणी : रोनोक शहराच्या संदर्भात

नागरी इतिहासाच्या अभ्यासात वास्तू, नकाशे व शासकीय दप्तर यांना जे स्थान मिळते ते रहिवाशांच्या आठवणींना सहसा मिळत नाही. वृद्धांच्या आठवणी म्हणजे गतकाळाविषयीचा हळवेपणा, असा समज त्यामागे असतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रोनोक शहराच्या बाबतीत मात्र हा समज टिकत नाही.

रोनोक हे रेल्वेचेच अपत्य होय. ‘बिग लिक’ नावाच्या लहानशा गावात १८८२ मध्ये दोन लोहमार्ग एकत्र आले, गावाचे नाव बदलले आणि ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ कंपनीचे मुख्यालय तेथे स्थिरावले. १८८० मध्ये सातशेच्याही आत असलेली लोकसंख्या १८९० पर्यंत सोळा हजारांवर गेली. कंपनीच्या कारखान्यात १९५३ पर्यंत वाफेची इंजिने तयार होत होती. १९८२ च्या विलीनीकरणानंतर मुख्यालय नॉरफोक शहरात गेले. शहराचे ‘रेल्वेनगरी’पण ओसरले, ते असे टप्प्याटप्प्याने.

लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले होते व आठवणींचेही दोन भाग झाले. दक्षिणेकडे शेतकऱ्यांचा बाजार, मोठी दुकाने व कचेऱ्या होत्या. तेथे वावरलेल्यांच्या स्मृतीत प्रथम गजबज, मग शहराबाहेरच्या बाजूस उघडलेल्या मॉलकडे वळलेले ग्राहक, आणि १९८३ मध्ये बाजाराशेजारी सुरू झालेल्या ‘सेंटर इन द स्क्वेअर’ या सांस्कृतिक केंद्रामुळे आलेली नवी उभारी, असा क्रम आढळतो. ही ऱ्हास आणि पुनरुज्जीवनाची कथा आहे.

उत्तरेकडील गेन्सबरो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीची कथा अशी नाही. वर्णभेदाच्या काळात हेन्री स्ट्रीट हाच तेथील लोकांचा बाजार होता. रेल्वेने बांधलेले भव्य ‘हॉटेल रोनोक’ लोहमार्गाच्या उत्तरेस, म्हणजे या वस्तीच्या अगदी लगत होते. वस्तीतील माणसे तेथे चाकरीस जात. पाहुणे म्हणून त्यांना प्रवेश नव्हता. शहरात कार्यक्रमासाठी आलेले नामवंत कृष्णवर्णीय संगीतकारही हेन्री स्ट्रीटवरील ‘ड्यूमास हॉटेल’मध्ये उतरत. पुढे १९५५ पासून नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली प्रथम ईशान्य भागातील वस्ती व नंतर गेन्सबरोचा मोठा हिस्सा पाडण्यात आला. मोकळ्या झालेल्या जमिनीवरून महामार्ग गेला. १९७१ मध्ये ‘सिव्हिक सेंटर’ उभे राहिले. ‘जीर्ण वस्ती’ हा शिक्का दप्तराने मारला होता. रहिवाशांना मात्र तेथील स्वतःच्या मालकीची घरे, अंगणातील झाडे व शेजारी आठवतात. त्यांच्या लेखी तो ऱ्हास नव्हता, ते उच्चाटन होते.

पत्रकार मेरी बिशप यांनी या रहिवाशांकडे जाऊन त्यांचे कथन एकत्र केले व १९९५ मध्ये ‘रोनोक टाइम्स’मधून ते प्रसिद्ध केले. सुमारे १६०० घरे, २०० लहान व्यवसाय व २४ चर्च नष्ट झाल्याचा हिशेब त्यातून समोर आला. नुकसानाची व्याप्ती समग्रपणे लोकांपुढे मांडण्याचे काम पालिकेने नव्हे तर वृत्तपत्राने केले, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. मानसोपचारतज्ज्ञ मिंडी फुलिलव यांनी २००४ च्या ‘रूट शॉक’ या ग्रंथात रोनोकचा समावेश करून, उपटलेल्या रोपास बसावा तसा हा आघात असल्याचे प्रतिपादन केले.

यावरून मौखिक साधनांच्या वापराविषयी एक दक्षता सुचते. ‘जुने शहर कसे होते?’ या प्रश्नाचे उत्तर नोंदवताना सांगणारी व्यक्ती लोहमार्गाच्या कोणत्या बाजूस राहत होती, हेही नोंदवले पाहिजे. अन्यथा बाजाराचे पुनरुज्जीवन साऱ्या शहराची स्मृती ठरते आणि जेथे स्मृतीला टेकायला भिंतही उरली नाही ती वस्ती पुन्हा एकदा नकाशाबाहेर जाते.

हेन्री स्ट्रीटला दक्षिणेकडील बाजारभागाशी जोडणारा लोहमार्गावरील जुना पूल २००८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने पादचाऱ्यांसाठी खुला झाला. २०१७ मध्ये प्रवासी रेल्वेगाडीही अनेक वर्षांनी रोनोकला परतली. पुलाच्या उत्तर टोकाला ‘ड्यूमास’ची इमारत अद्याप उभी आहे, तिच्या भोवतीचा बाजार नाही.