स्टेट्समन: वाढीव इंच नेमके कुठे गेले?

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या आलिशान गाड्यांचा विषय निघाला की ‘होल्डन स्टेट्समन’ हे नाव हमखास येतं. पण 1971 ते 1984 या मूळ काळात ती ‘होल्डन’ म्हणून विकली जातच नव्हती. जनरल मोटर्स-होल्डनने ‘स्टेट्समन’ हा स्वतंत्र ब्रँडच उभा केला होता.

नेहमीचीच होल्डन थोडी लांबवून तिला क्रोम चढवलं, असंही सर्रास म्हटलं जातं. हे वर्णन खरं तर तिच्या आधीच्या ब्रुअमचं. प्रतिस्पर्धी फोर्डने 1967 मध्ये फेअरलेन आणली ती आपल्या नेहमीच्या सेडानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) 111 वरून 116 इंचांवर नेऊन. होल्डनने 1968 मध्ये ब्रुअमने उत्तर दिलं, पण आपल्याच प्रीमियर सेडानची फक्त शेपूट सुमारे 8 इंच वाढवली. डिकी ऐसपैस झाली. मागे बसणाऱ्याच्या पायांना मात्र इंचभरही जागा मिळाली नाही. स्टेट्समनने नेमकं हेच सुधारलं. होल्डनच्या एचक्यू मालिकेतल्या स्टेशन वॅगनचा 114 इंचांचा व्हीलबेस तिने घेतला, त्यामुळे सेडानच्या तुलनेत वाढलेले 3 इंच चाकांच्या मधोमध आले. आलिशान गाडीची खरी परीक्षा मागच्या सीटवर होते, आणि म्हणून मला ही सुधारणा तिच्या चकचकीत ग्रिलपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

मग ती मुळात अमेरिकन गाडी होती का? नावं तशी होती खरी: ‘डी व्हिल’ कॅडिलॅकचं, 1974 पासूनचं ‘कप्रीस’ शेव्हरोलेचं. पण 4.2 आणि 5 लिटरची व्ही-एट इंजिनं होल्डनची स्वतःची, ऑस्ट्रेलियातच बनलेली. एचक्यूमध्ये हवं असेल तर शेव्हरोलेचं 350 घनइंची इंजिन मिळे, तेवढं आयात केलेलं. साधी ‘कस्टम’ तर सहा सिलिंडरवरही चाले.

जपानमधल्या रोटरी इंजिनाच्या माझदा रोडपेसरला काही जण स्टेट्समन समजतात. ती प्रीमियरच्या बॉडीवर बेतलेली होती, अवघं 1.3 लिटरचं इंजिन त्या अवजड बॉडीला पुरं पडेना. जपानमध्ये गेलेली खरी स्टेट्समन इसुझूच्या नावाने विकली गेली, 5 लिटरच्या व्ही-एटसह.

आणि 1984 नंतर सगळं संपलं, हेही खरं नाही. 1990 मध्ये लांबवलेल्या होल्डन कमोडोरवर ती परतली, आणि या वेळी ‘होल्डन’ म्हणूनच. ‘स्टेट्समन’ हे नाव 2010 मध्ये थांबलं. प्रतिस्पर्धी फेअरलेन त्याआधीच, 2007 मध्ये बंद झाली होती. कप्रीस मात्र ऑक्टोबर 2017 मध्ये होल्डनचा एलिझाबेथ इथला कारखाना बंद होईपर्यंत तयार होत राहिली, आणि शेवटच्या काही वर्षांत शेव्हरोलेच्या नावाने अमेरिकेतल्या पोलिसांच्या ताफ्यातही धावली.